कठड्यावरची बाटली

भाची : आता बरं, की आधी बरं?

मामा : परत दाखव.

भाची : ही पहिली काच. आणि ही दुसरी. पहिली की दुसरी?

मामा : दोन्ही बऱ्या आहेत गं. बिचाऱ्यांना कशाला नावं ठेवायची?

भाची : मामा, एक निवडायची असते. हनुवटी वर. माझ्याकडे नाही, तक्त्याकडे बघ.

मामा : तुझ्याकडे बघितलेलंच बरं. तक्त्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतायत. पण ही तुझी अंधारी खोली झकास आहे हं. बाहेर टळटळीत दुपार आहे हे विसरायला होतं. इथे मला झोप लागेल.

भाची : झोप नंतर. पाचच्या आत अर्ज पोचवायचाय. तूच म्हणालास, खालचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय सही करणार नाही. म्हणून तर खुर्चीत बसवलंय तुला. नाहीतर तीन वर्षांत एकदा तरी फिरकलास का माझ्या दुकानात? काड्या तुटलेला चष्मा दोऱ्याने बांधून फिरतोस, आणि सख्खी भाची चष्मे करते.

मामा : फिरकलो नाही खरा.

भाची : का?

मामा : असंच. तू काच बदल.

भाची : बदलते. तोवर ऐक, मीच सांगते त्या कागदात काय आहे ते. कंपनी नवे शेअर काढतेय. जुन्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी, आणि स्वस्तात. सही तुझी, पैसे माझे. एवढं सोपं आहे.

मामा : कुठले पैसे?

भाची : गाळ्याचे.

मामा : ह्या गाळ्याचे? मालक विकायला काढतोय म्हणालीस तो?

भाची : हाच. जमलेत तेवढ्यात भागत नाही. वर्षभर कंपनीत ठेवले तर भागेल. नाहीतर पुढच्या वर्षी ह्या खोलीत कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत बसलेलं असेल.

मामा : खाणीत पैसे घालतेस, ठमे? मी पस्तीस वर्षं तिथे काढली. दगड संपत आलाय. सात-आठ वर्षं, फार तर.

भाची : खाणीत नाही घालत मी. त्यांच्या तंत्रात घालतेय. हे बघ, मी चष्मा विकला की एकदा पैसे मिळतात. पण नंबर काढायची एखादी पद्धत माझी एकटीची असती, आणि प्रत्येक चष्मेवाल्याला ती वापरायला माझी परवानगी लागली असती, तर? मी घरी झोपले असते तरी पैसे येत राहिले असते. कंपनीचं आता तसंच आहे. दगडातून धातू काढताना टाकीत येणारा फेस बघणारं यंत्र. तेरा खाणींनी परवाना घेतलाय. यंत्रामुळे जितका माल जास्त निघेल, त्यातला वाटा कंपनीला. दगड संपेल, पण ते संपणार नाही. आणि ते यंत्र कुणाचं? तुझं.

मामा : माझं कसलं?

भाची : पुस्तिकेत छापलंय चक्क. 'एका अनुभवी डोळ्याचं पस्तीस वर्षांचं ज्ञान.' फोटोसकट. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. हा माझा मामा म्हणून.

मामा : दाखवत जाऊ नकोस.

भाची : का रे?

मामा : काल परत फेस आला स्वप्नात.

भाची : मी काय विचारतेय, तू काय सांगतोयस!

मामा : ऐक तर. आमच्या त्या टाक्या होत्या ना, बारा, ओळीने. त्यांतून फेस उतू चाललाय. पन्हळ भरली, फरशी भरली, जिना भरला. पण घाई नाही कशाची. दूध उतू जाताना कशी आपली धांदल उडते, तसं काही नाही. आवाजही नाही. आणि त्या फेसावरून ताई चालत येतेय. तुझी आई. पाय बुडत नाहीत तिचे. हातात नमुन्याची बाटली.

भाची : मग?

मामा : मग काय, कठड्यापाशी येते आणि उभी राहते. बाटली काही खाली ठेवत नाही. मी म्हणतो, ताई, ठेव की. ती नुसती बघते. दर वेळी इथेच जाग येते.

भाची : माझ्या स्वप्नात कधी येत नाही ती. तुझ्याकडेच बरी येते.

मामा : तुझ्याकडे तिचं काही काम राहिलेलं नसेल.

भाची : बरं, ही काच बघ. खालची ओळ वाच.

मामा : वाचता येतेय. अरे वा. शेवटचं अक्षर तेवढं लबाडी करतंय.

भाची : ते सगळ्यांनाच फसवतं. नंबर झाला. आता फक्त हे रंगांचं पुस्तक. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो सांगायचा.

मामा : ते कशाला? मला काय रंगारी व्हायचंय?

भाची : पन्नाशीनंतर मी सगळ्यांचंच बघते. दोन मिनिटांचं काम. हां, बोल.

मामा : बारा.

भाची : बरोबर.

मामा : आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न. पाच. तीन. पंधरा…

भाची : मामा.

मामा : चौऱ्याहत्तर. काय?

भाची : मी पान उलटलंच नाही.

(पुस्तक मिटल्याचा आवाज.)

मामा : आमचा कंपनीचा डॉक्टर भराभर उलटायचा. सवय लागली.

भाची : मधलंच एक पान काढते. हे सांग.

मामा : राहू दे ना, ठमे.

भाची : हे सांग, मामा.

मामा : ठिपके आहेत. सुंदर आहेत.

भाची : आकडा?

मामा : आकडा नाही त्यात.

भाची : आहे. पंचेचाळीस. मामा, तुला… तुला रंग ओळखू येत नाहीत?

मामा : सगळे नाही असं नाही. आकाश ओळखतो. पण हिरवट, पिवळट, राखाडी, ही सगळी मंडळी माझ्याकडे एकाच सदऱ्यात येतात. मातकट.

भाची : आणि तू पस्तीस वर्षं फेसाचा रंग बघायची नोकरी केलीस!

मामा : हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक असेल.

भाची : कुणी नाही बाहेर. सांग मला सगळं. पहिल्यापासून.

मामा : पहिल्यापासून म्हणजे मी एकवीस वर्षांचा, आणि घरात चूल थंड. ताई आधीच लागली होती तिथे, नमुने भरायला. तिला कळलं, की भरतीच्या आधी डॉक्टर असलं पुस्तक दाखवतात. दवाखान्यात झाडू मारायच्या निमित्ताने गेली, आकडे पाठ करून आली, आणि रात्रभर माझ्याकडून घोकून घेतले. बारा, आठ, सहा, एकोणतीस. पाढे नाही इतके पक्के झाले मला कधी.

भाची : आणि मग रोजचं काम? तिथे काय पाठ केलंस?

मामा : तुला काम माहीत आहे का आमचं? दगड दळून पीठ करायचं, पाण्यात कालवायचं, औषध घालायचं आणि खालून हवा सोडायची. बुडबुडे वर येतात. धातूचा कण बुडबुड्याला चिकटून वर येतो, दगडाचा कण खाली राहतो. वर आलेला फेस पन्हळीत पडला, की तो आपला माल. आता फेस बरा आहे की वाईट, हे ज्याला बघून कळतं, तो हवा-औषध कमीजास्त करतो. चांगला फेस पिवळट-हिरवा. वाईट फेस राखाडी. म्हणजे त्यात नुसता दगडच वर आलाय.

भाची : आणि तुला दोन्ही मातकट.

मामा : दोन्ही मातकट. पण बुडबुडा मला कळायचा हं. केवढा आहे, किती टिकतो, फुटतो कसा. मनगटावर घेतला की त्याचं वजन कळायचं. ते खोटं नाही. रंग मात्र ताईचा. तिथे आवाज इतका, की शेजारच्याला हाक ऐकू येत नाही. मग ती नमुना भरायची आणि बाटली माझ्या समोर कठड्यावर ठेवायची. उभी ठेवली, तर फेस चांगला. आडवी ठेवली, तर राखाडी. आणि बुचावर उलटी ठेवली, तर मधला.

भाची : पस्तीस वर्षं?

मामा : तिची सुटी तीच माझी सुटी. साहेब म्हणायचे, बहीणभावाचं प्रेम बघा.

भाची : थांब. तो फोटो आण इकडे. पुस्तिका कुठे गेली… हे बघ. तू कठड्याशी उभा आहेस. कडेला हा हात. अर्धाच आलाय. मला वाटायचं, कुणीतरी मध्ये आलं असेल.

मामा : अंगठ्याला चिकटपट्टी आहे बघ.

भाची : आईची. बाटलीची बुचं काढून काढून तिचा अंगठा कायम उललेला असायचा. अरे देवा. हजार वेळा बघितलाय मी हा फोटो.

मामा : फोटो काढणाऱ्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं होतं. झाली, पण पुरती झाली नाही.

भाची : आणि यंत्राला शिकवलं तेव्हा?

मामा : टाक्यांवर कॅमेरे लावले आणि माझ्यापुढे तीन बटणं ठेवली. चांगला, मधला, वाईट. दर दोन मिनिटांनी एक दाबायचं. दीड वर्ष. कॅमेऱ्याने फेस बघायचा आणि माझं बटण लक्षात ठेवायचं.

भाची : म्हणजे बटण तुझं, आणि बाटली तिची.

मामा : बुडबुडे माझे, रंग तिचा. पैसे मात्र मला एकट्याला मिळाले. शालही मला. तिने घडी घालून दिली मला ती. हसत होती.

भाची : म्हणजे तेरा खाणींमध्ये आत्ता आई बघतेय.

मामा : असं मी मनाला सांगायचो. बरं वाटायचं. कुठल्या कुठल्या देशांत असतील त्या खाणी, आणि आमची ताई तिथे कठड्याशी उभी. पण…

भाची : पण काय?

मामा : ती बाटली. स्वप्नातली. ते नुसतं स्वप्न नाही, ठमे. तसं घडलं होतं. तू तिचं डोळ्याचं ऑपरेशन करवलंस, त्यानंतर ती एकदाच वर आली कामावर. फेस बघितला. बाटली भरली. आणि ठेवेचना. मी वाट बघतोय. शेवटी बाटली पदरात गुंडाळून खाली निघून गेली. संध्याकाळी म्हणाली, मला आता फेस ओळखू येत नाही रे. परत कामावर आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तर गेलीच.

भाची : मला नाही बोलली कधी.

मामा : मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, ऑपरेशनमध्ये डोळे बिघडले तिचे. तू हट्टाने केलंस ना ते. तिची सगळ्यात मोठी गोष्ट होती तिची नजर, आणि ती तुझ्यामुळे गेली, असं मी धरून बसलो. म्हणून नाही आलो तुझ्या दुकानात. आता सांगून टाकलं बघ. लाज वाटते सांगताना.

भाची : तीन वर्षं माझ्यावर रागावून बसलास?

मामा : रागावलो नव्हतो. नुसती चप्पल इकडे वळत नव्हती.

भाची : मामा, आईचे डोळे बिघडले नव्हते. उलट झालं होतं. थांब, तिचा कागद ह्या कपाटात आहे, मी कुणाचाच फेकत नाही. हा बघ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत चाललेला, पिवळा. आतली काच पिवळी झाली की सगळं जग पिवळट दिसतं. आणि माणसाला कळत नाही, कारण ते हळूहळू होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली, आठवतं? घरची भिंत पांढरी आहे की गं! मी इतके दिवस सायीच्या रंगाची समजत होते.

मामा : म्हणाली होती खरं. आम्ही हसलो होतो.

भाची : बटणांचं काम कधी संपलं?

मामा : ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी. पेढे… नाही, काहीतरी गोड वाटलं होतं साहेबांनी. तिने माझ्यासाठी रुमालात बांधून आणलं होतं.

भाची : म्हणजे दीड वर्ष ती पिवळ्या काचेतून बघत होती. राखाडी फेससुद्धा तिला पिवळट दिसत असणार. ती बाटली उभी ठेवत गेली. तू 'चांगला' दाबत गेलास.

मामा : आणि नवीन डोळ्यांनी बघितलं, तेव्हा तिला कळलं.

भाची : कळलं. म्हणून बाटली ठेववेना.

मामा : अगं पण आमच्याकडे यंत्र झक्क चाललं. माझ्यापेक्षाही बरं.

भाची : तुमच्याकडचा दगड कसा होता?

मामा : आमचा? पिवळाधमक. सगळे म्हणायचे, असा दगड कुठे… हां.

भाची : तिथे थोडं जास्त पिवळं दिसलं काय आणि कमी दिसलं काय. पण जिथला दगड मुळातच फिका आहे, तिथे?

मामा : तिथे ते राखाडी फेसालाही चांगला म्हणणार. नुसता दगड पन्हळीत घेत बसेल.

भाची : पुस्तिकेत मागे बारीक अक्षरात एक ओळ आहे. दोन खाणींमधलं काम 'तूर्त थांबवलं आहे.' मी वाचली होती. कानाडोळा केला. मला गाळा दिसत होता ना.

मामा : बारीक अक्षर वाचायचं म्हणून मी अडून बसलो होतो ते उगीच नाही.

भाची : तू सही टाळायला अडून बसला होतास.

मामा : तेही खरं.

भाची : ही काच बघ. चहाच्या रंगाची आहे, उन्हातल्या चष्म्याची. एवढीच पिवळी असेल आईची. मी लावून बघते… हा पांढरा तक्ता सायीचा झाला. हा राखाडी पडदा, मामा, पिवळट दिसतोय. अगदी थोडा, पण पिवळट. आरशात बघते, मी तिला अशीच दिसत असणार. सगळं कसं उशिराच्या उन्हातलं वाटतं. किती छान दिसतं रे. म्हणून तर ती कधी तक्रार करत नव्हती.

मामा : मला दे बघू.

भाची : तुला काय कळणार?

मामा : तरी दे. … हं. मातकट आहे. पण ऊबदार मातकट.

भाची : मामा, आपण गप्प बसलो तर? वर्षभर. शेअर घ्यायचे, वाढले की विकायचे. आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मामा : बसता येईल. मी तर सराईत आहे त्यात.

भाची : टोमणा मारतोयस?

मामा : नाही गं. खरंच सांगतो, जमतं. फक्त एवढंच, की त्या दूरच्या खाणींमध्येही कुणीतरी कठड्याशी उभा असेल. माझ्यासारखा. त्याला दिसतंय की फेस राखाडी आहे. यंत्राचा पडदा म्हणतो चांगला. आता पडद्यापुढे त्याचं कोण ऐकणार? साहेब म्हणणार, तुझेच डोळे गेले. आणि थोड्या दिवसांनी त्यालाही तसंच वाटायला लागणार. हे मी करू त्याला? ताईच्या नावावर?

भाची : तुझा फोटो उतरवतील कंपनीच्या भिंतीवरून.

मामा : उतरवू देत. त्यात माझं पोट फार पुढे आलंय.

भाची : पेन्शन?

मामा : काढून घेतली तर जेवायला तुझ्याकडे येईन. चप्पल वळली आहे आता.

भाची : यंत्र टाकून द्यावं लागणार नाही, माहीत आहे? कागदावर सगळं आहे, कुठल्या तारखेला काच किती पिकली होती ते. तेवढं पिवळं वजा करायचं. डोळ्याला करतो तेच.

मामा : म्हणजे यंत्राचं ऑपरेशन?

भाची : म्हण तसं.

मामा : आणि मग आत ताईच राहील?

भाची : आईच राहील. स्वच्छ दिसणारी.

मामा : मग दे कागद. अर्ज नको, कोरा दे. आणि तुझा गाळा?

भाची : मालकाशी बोलेन. नाहीच जमलं, तर पलीकडच्या गल्लीत जिन्याखाली एक जागा आहे. खोली अपुरी पडते, पण तक्ता आरशात दाखवला की लांबी दुप्पट होते. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? ह्या भिंती आईने रंगवल्या होत्या.

मामा : सायीच्या रंगाने?

भाची : पांढऱ्या. ती म्हणायची, पांढऱ्याच दिल्यात मी. उजेडात बघ तू त्या, दार उघडून. सायीच्याच आहेत.

मामा : हाहा. बिचारी. बरं, सांग काय लिहू?

भाची : तुझं तू लिही. दिवा लावू?

मामा : नको. तक्त्याचा उजेड पुरतो. 'साहेब, मला रंग ओळखता येत नाहीत. यंत्राला जो रंग दिसतो, तो माझ्या थोरल्या बहिणीने बघितलेला आहे. ती नमुने भरायची. तिच्या डोळ्यांचा कागद सोबत जोडला आहे.' बरं झालंय?

भाची : बरं झालंय.

मामा : मग मान का फिरवलीस?

भाची : काही नाही. लिही तू. तुझी ओळ तिरकी चाललीय. थांब, डाव्या डोळ्याची काच बदलते. हं. बघ आता कागदाकडे. आता बरं, की आधी बरं?

मामा : अक्षरांपुरतं विचारत असशील, तर आता.